हाताला काम, मनाला नेम

आमच्या गल्लीत सकाळच्या पूजेची वेळ नळाला पाणी कधी येतं त्यावर ठरते. सोलापुरात पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी येतं, आणि पाण्याचा दिवस असला की पहाटेपासून घराघरात पळापळ सुरू होते. मोटार लावा, पिंपं धुऊन घ्या, टाकी कुठवर आली बघा, पाईप मागच्या अंगणात ओढा. त्या गडबडीत माझ्या सासूबाई ओल्या पायांनी आत यायच्या, पदराला हात पुसायच्या, देव ताम्हनात घ्यायच्या आणि नुकत्याच भरलेल्या कळशीतलं पाणी त्यांच्यावर घालायला लागायच्या. बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "काकू, टाकी वाहायलीय की!" त्या मान न वळवता "बंद कर ग तेवढी" एवढं मला सांगायच्या आणि पुढचा देव हातात घ्यायच्या.

लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार नवल वाटायचं. एकदा विचारलंच, "आई, एवढ्या गोंधळात तुमचं मन कसं लागतं हो?" त्या गंध उगाळत होत्या. म्हणाल्या, "मन लागायची वाट बघत बसले असते, तर देव पारोसेच राहिले असते."

आता त्या नाहीत, पण मनःशांती या विषयावर ऐकलेल्या-वाचलेल्या सगळ्यात मला हेच वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडलं. आजकाल शांतता हवी म्हणून माणसं शिबिराला जातात, कानाला हेडफोन लावून ध्यान करतात, चार दिवस फोन बंद ठेवतात. त्यात वाईट काही नाही. ज्याला त्यातून बरं वाटतं त्यानं जरूर करावं. पण आमच्या घरात जे होतं ते निराळं होतं. सासूबाईंनी शांतता मागितलेली मी कधी ऐकली नाही. त्यांचा नेम होता. सकाळी पूजा, तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला दिवा, त्यानंतर हरिपाठ, सोमवारी सिद्धेश्वराचं दर्शन. भांडण झालेलं असो, पाहुणे असोत, अंगात कणकण असो, नेम होई. कधी पाच मिनिटांत उरकलेला, कधी पाऊण तास रमलेला. आज मन प्रसन्न आहे का, हे त्या स्वतःला विचारतच नसत. आणि मला वाटतं, न विचारल्यामुळेच ते बऱ्याचदा प्रसन्न असे.

मन हा प्रश्न जुना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन कृष्णाला अगदी सरळ सांगतो की मन चंचल आहे, हट्टी आहे, त्याला आवरणं म्हणजे वाऱ्याला धरून ठेवण्याइतकं अवघड आहे. मला तिथे कृष्णाचं उत्तर फार आवडतं. तो अर्जुनाला खोडून काढत नाही. यात शंकाच नाही, असं आधी मान्य करतो. मग दोन उपाय सांगतो: अभ्यास आणि वैराग्य. त्याच्या थोडं आधी, त्याच अध्यायात, मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला परत आणायला सांगितलं आहे. किती वेळा आणायचं, याचा आकडा दिलेला नाही. म्हणजे ते जाणार, हे धरूनच चाललं आहे. जपाला बसल्यावर गॅस बंद केला का, बँकेचा हप्ता गेला का, जाऊबाई काल असं का बोलल्या, हे सगळं येणारच. परत आणणं हाच अभ्यास. आणि वैराग्य म्हणजे घरदार सोडणं, असं आमच्याकडे कुणी धरलं नाही. जाऊबाईंचं ते वाक्य माळ पुरी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर ठेवता आलं तरी पुष्कळ.

सोलापूरकराला हे शिकायला लांब जावं लागत नाही, कारण या गावाचा देवच काम करणारा होता. सिद्धराम, म्हणजेच आमचे सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी. बसवेश्वरांच्या काळातले, कन्नडमध्ये वचनं रचणारे. त्यांच्या बालपणाची कथा आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. शेत राखत बसलेल्या मुलाकडे मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचे मल्लिकार्जुन, जंगमाच्या वेषात आले, हुरडा खाल्ला आणि दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला, दहीभात घेऊन आला, तर मल्लय्या नाहीत. मग त्यांना हाका मारत, रडत तो पार श्रीशैलपर्यंत गेला. एवढी ओढ असलेला माणूस तिथेच डोंगरात राहिला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण तो गावात परतला. त्यानं 68 लिंगं स्थापन केली आणि लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. आज त्याच तळ्याच्या पाण्यात देऊळ उभं आहे.

याच तळ्यावरची आणखी एक कथा कन्नड परंपरेत आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त छळते. बसवेश्वरांच्या काळातलेच संत अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आजच्या सोलापूरला आले, तेव्हा खोदकाम चालू होतं. त्यांनी सिद्धरामांना कामावरूनच टोकलं. बाहेर एवढं खणतोस, आत कधी बघणार, या अर्थाचं काहीतरी. सिद्धराम आधी रागावले, मग त्यांच्याबरोबर निघाले, कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले, बसवेश्वरांबरोबरच्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या मेळ्यात बसले. म्हणजे परोपकाराचं काम करणाऱ्या योग्यालाही सांगावं लागलं की नुसतं काम म्हणजे साधना नव्हे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण "आमचं कामच आमची पूजा" असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. हात चालतात, पण डोक्यात दिवसभर कुणाशी तरी भांडण चालू असतं. मी एका टॉवेलच्या कारखान्याचं हिशेबाचं काम बघते. मार्च महिन्यात आठ-आठ तास मान खाली घालून बसलेली असते. त्या कामानं पगार मिळतो, समाधानही मिळतं, पण मन त्यानं आपोआप निवत नाही. त्यासाठी कामात काहीतरी मुद्दाम गुंफावं लागतं.

ते कसं गुंफतात, हे मी शेजारच्या अक्कांकडे पाहिलं.

अक्का तेलुगू घरातल्या. त्यांच्या सासऱ्यांचा हातमाग होता, नंतर मुलगा यंत्रमागावर गेला, आणि अक्का वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून बिड्या वळतात. सोलापुरात हजारो बायका हे काम घरबसल्या करतात. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा आणायचा, बिड्या वळून नेऊन द्यायच्या, तपासणीत जी छाट निघेल तिचे पैसे गेले. मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते. अक्का रात्री पानं भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी दारात बसकर टाकून, मांडीवर सूप घेऊन बसतात. पत्र्याचा माप पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, बोटांच्या टोकांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हे सगळं इतक्या झटक्यात होतं की बघणाऱ्याला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत.

बरीच वर्षं त्यांचे ओठ हलताना मी बघत होते. वाटायचं, मोजत असतील. एका दुपारी शेजारी शेंगा निवडत बसले होते, तेव्हा नीट ऐकू आलं. दोरा ओढून आवळला की एकदा "नमः शिवाय". पुढची बिडी, दोरा आवळला, "नमः शिवाय". पान कापताना नाही, तंबाखू भरताना नाही. फक्त गाठीला.

मी म्हटलं, "अक्का, मग दिवसाला हजार नावं होतात की तुमची."

"होत्यात की," त्या म्हणाल्या. "पर मी नाव मोजत न्हाई. बिड्या मोजते. नाव त्येच्या त्येच्या मागं येतंय."

मी त्यावर रात्री खूप विचार केला. त्यांनी कामाच्या आत एक ठरलेली जागा नावासाठी ठेवली होती आणि ती जागा हाताच्या हालचालीलाच बांधली होती. आठवण ठेवायची जबाबदारी मनावर नाही, दोऱ्यावर. मन मुलाच्या नोकरीकडे गेलं तरी पुढच्या गाठीला हात त्याला परत आणतो. गीतेत सांगितलेलं ते परत आणणं दारातल्या बसकरावर बसून रोज हजार वेळा होत होतं.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे. अक्कांची पाठ दुखते, तंबाखूच्या धुळीनं त्यांना खोकला आहे, आणि त्यांच्या कष्टाच्या मानानं मजुरी फार कमी आहे. नाम हा त्यावरचा इलाज नव्हे, आणि तो इलाज आहे असं कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. मजुरी वाढलीच पाहिजे, खोकल्याला डॉक्टर दाखवलाच पाहिजे. अक्का मजुरीच्या मोर्चालाही जातात आणि नामही घेतात, आणि या दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नाही. मलाही वाटत नाही.

नामानं काय होतं आणि काय होत नाही, हे मला कळलं ते यांच्या आजारपणात. काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना रात्री छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, आत घेतलं, आणि मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. घरून निघताना माळ घ्यायचं सुचणं शक्यच नव्हतं. सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर जप शिकवलेला होता तो आठवला. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात करायची, अंगठा खाली उतरत करंगळीच्या मुळाशी न्यायचा, तिथून वर चढायचं, अनामिकेचं आणि मधल्या बोटाचं टोक घेऊन तर्जनीवरून खाली उतरायचं. तर्जनीच्या मुळाशी दहा होतात. मधल्या बोटाची खालची दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना शिवायचं नाही.

माझं मन एकाग्र झालं, असं म्हणणं खोटं होईल. दार उघडलं की डोळे तिकडे. नर्सच्या चालण्याचा वेग बघून मी मनात काय काय ठरवत होते. आकडा चुकायचा, मी पुन्हा अनामिकेच्या मधल्या पेरावर यायचे. किती वेळ हे चाललं ते आठवत नाही. मग कागद घेऊन एक डॉक्टर आले. रक्तवाहिनीत अडथळा आहे, ताबडतोब अँजिओप्लास्टी करावी लागेल, संमतीपत्रावर सही हवी. मी तो कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. दोन प्रश्न विचारले. एक धोक्याबद्दल, एक खर्चाबद्दल. सही केली. ती माझ्या बँकेतल्या सहीसारखीच आली.

ह्यांचा जीव वाचला तो डॉक्टरांमुळे, आणि वेळेवर रिक्षा मिळाली म्हणून. जपाला त्याचं श्रेय मी देत नाही. जपानं मला तो कागद वाचता आला. ज्या रात्री माणसाला अक्षरं दिसत नाहीत, त्या रात्री ती दिसणं, एवढंच मी मागितलं असतं, जर मागायचं सुचलं असतं तर. आणि हे त्या रात्री एकाएकी आलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी दिव्यापाशी जे पुन्हा पुन्हा परत येणं चाललं होतं, तेच बाकावर झालं. याच कारणानं मी सगळ्यांना सांगते की बऱ्या दिवसांत नेम धरा. संकटात नवीन काही शिकता येत नाही.

आणि मन खरोखर आजारी असेल, आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मनाच्या डॉक्टरकडे जावं. जप त्याच्या जोडीला.

बऱ्या दिवसांतला सराव काय असतो ते बघायचं असेल तर सिद्धेश्वर यात्रेच्या आधीचे आठवडे बघावेत. यात्रा जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास. सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, त्या विवाहाचा हा सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, आणि "हर्र बोला हर्र"चा गजर. त्या गर्दीचे फोटो सगळे काढतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी गल्ल्यांमधून सरावाची काठी घेऊन पोरं निघतात, तेव्हा बघायला कुणी नसतं. दिवसभर दुकानात, कारखान्यात, कॉलेजात असलेली ही मुलं. एवढी उंच काठी तोलताना नजर इकडेतिकडे गेली की ती लगेच डुलायला लागते. थोरला माणूस बाजूनं चालत एवढंच म्हणत असतो, "सावकाश... सावकाश." अशा एका मुलाच्या आईनं मला सांगितलं की सरावाचे दिवस आले की पोरगं घरात वरच्या आवाजात बोलत नाही. कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं.

श्रावणात आम्ही बहिणी 68 लिंगांच्या दर्शनाला निघतो. एका दिवसात होत नाही, जमेल तसं. त्यातली काही लिंगं मोठ्या देवळांत आहेत, पण काही अशी की पत्ता विचारत जावं लागतं. दोन दुकानांच्या मध्ये, एखाद्या जुन्या झाडाखाली, रहदारीच्या कडेला. मागे हॉर्न वाजत असतो आणि आपण बेल वाहत असतो. सिद्धरामांनी ही लिंगं गावाभोवती मांडली तेव्हा तिथे शेतं असतील. गाव वाढत वाढत त्यांच्या अंगावर आलं. तरी कुणीतरी रोज सकाळी त्यांच्यावर तांब्याभर पाणी घालतं.

आमच्या जिल्ह्यातले संत आठवले तरी हेच दिसतं. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. कांद्या-मुळ्यात त्यांना विठाई दिसली. म्हणून पांडुरंगाचीच पालखी आषाढात त्यांना भेटायला अरणला येते. चोखोबांना तर देवळात जाऊच दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना, 1338 साली, भिंत कोसळून ते गेले. त्यांची हाडं कोणती हे ओळखायचं कसं, तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोखोबांची, असं सांगतात, आणि नामदेवांनी ती तशी वेचली. ही कथा मी लहानपणी चमत्कार म्हणून ऐकली होती. आता ती ऐकताना मला आधी तो मजूर दिसतो. दरवाजा बंद, म्हणून ज्याच्याकडे फक्त नाव उरलं, आणि जे त्यानं दगड उचलता उचलता घेतलं. ज्यांनी दरवाजा बंद ठेवला त्यांचा दोष त्या नामानं धुऊन निघत नाही, हेही तेवढंच खरं.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. शिफ्ट संपून रात्री उशिरा कंपनीच्या कॅबनं घरी जाते. मध्यंतरी तिला झोप लागेनाशी झाली होती. तिला माळ दे असं मी म्हणाले नाही, तिनंच फोनवर विचारलं. तिच्या शंका अगदी कामाच्या होत्या. कॅबमध्ये चप्पल घालून चालेल का? पाळीच्या दिवसांत काय करायचं? मध्येच झोप लागली तर? पहिल्या दोन शंका अक्कांनीच सोडवल्या. त्या तेव्हा घरात बसल्या होत्या. "नामाला सोवळं नसतंय, बाळा," एवढं म्हणाल्या, आणि शेंगाचटणीचा डबा कुणाबरोबर पाठवू ते विचारायला लागल्या. तिसरीचं उत्तर मी दिलं: राहिलेले मणी दुसऱ्या दिवशी पुढे ओढायचे नाहीत. कारखान्याच्या वहीत शिल्लक पुढे ओढतात, इथे नाही. उद्याची माळ मेरुमण्यापासून.

नंतर तिनं मला एका संशोधनाबद्दल लिहिलं. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेलं. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास उतरला, आणि त्या लयीचा हृदयाला फायदा दिसला. तिला याचा आधार वाटला, मला आनंद झाला. तिच्या पिढीला कारण कळलं की पाऊल नीट पडतं, आणि त्यात काही गैर नाही. मी अक्कांना ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, गाठ आवळताना श्वास सोडावाच लागतो, नाहीतर दोरा तुटतो.

झोप तिला आता बरी लागते. रोज माळ पुरी होतेच असं नाही. पण तिच्याच कॅबमध्ये विजयवाड्याची एक मुलगी असते, ती त्या वेळात विष्णुसहस्रनाम ऐकते. पहिल्यांदा एकमेकींकडे बघून दोघी हसल्या, मग ठरूनच गेलं. निम्मा रस्ता दोघी बोलत नाहीत. उरलेल्या निम्म्यात दिवसभराचं सगळं बोलून घेतात, आणि परवा तिनं विचारलंय की भोगीच्या भाजीत नेमकं काय काय घालतात, कारण यंदा संक्रांतीला त्या मैत्रिणीला ती यात्रेला घेऊन येणार आहे.